कापड आणि अंग यांच्यामधली हवा

लाइफ ड्रॉइंगच्या, म्हणजे समोरच्या जिवंत माणसावरून चित्र काढण्याच्या, वर्गात मॉडेलच्या अंगावर चादर आली की नवख्यांना हायसं वाटतं. बरगड्या कुठे संपतात, कमरेचं हाड कुठे पुढे येतं, घोट्याचा आतला उंचवटा बाहेरच्यापेक्षा वर की खाली, या सगळ्या भानगडी कापडाखाली गेल्या. आता काय, चुण्या तर काढायच्या! वीसेक मिनिटांनी त्यांचे कागद पाहावेत. चुण्या ढिगाने असतात, त्यातल्या काही सुरेखही असतात, पण आत माणूस नसतो. चादर आपली आपणच उभी असते.

लिओनार्दोने आपल्या टिपणांत नेमकी हीच तक्रार करून ठेवली आहे. वस्त्रं अशी काढू नयेत की आत कोणी राहतच नाही असं वाटावं, अशा अर्थाचं ते आहे. पाचशे वर्षं झाली, तक्रार तशीच ताजी आहे.

कापड ल्यालेली आकृती ही उघड्या आकृतीची सोपी आवृत्ती आहे असं मला वाटत नाही. तो विषयच निराळा. त्यात अंग असतं, कापड असतं, आणि या दोघांमध्ये कोंडलेली हवा असते. अंगाचा अभ्यास शरीररचनेच्या पुस्तकांतून होतो, कापडाचा अभ्यास खुर्चीवर टाकलेल्या पंचावरही होतो. मधल्या हवेचा अभ्यास मात्र जिवंत माणूस समोर उभा असल्याशिवाय होत नाही. आणि चित्र फसतं ते बहुतेक वेळा याच ठिकाणी. कापड अंगापासून कुठे किती दूर आहे हे ठरवलेलंच नसतं, म्हणून ते एक तर कातडीसारखं चिकटतं किंवा पुठ्ठ्यासारखं ताठ उभं राहतं.

मुळात कापड अंगाला फार थोड्या जागी टेकतं. हे एकदा डोळ्यांत भरलं की चादरीकडे पाहण्याची तऱ्हाच बदलते. साधी पोझ घेऊ. मॉडेल उभी आहे, वजन उजव्या पायावर, डावा गुडघा किंचित वाकवून पुढे सोडलेला. चादर डाव्या खांद्यावरून घेऊन छातीवरून तिरकी उजव्या कमरेपर्यंत आणली आहे आणि तिथे उजव्या हाताने मुठीत धरली आहे. आता हिशेब करा. चादर टेकली आहे ती खांद्याच्या माथ्यावर, मागे खांद्याच्या पात्यावर, पुढे छातीच्या उंचवट्यावर, उजव्या कमरेवर आणि डाव्या गुडघ्यावर. झालं. बाकी सगळीकडे ती लोंबते आहे, ताणली आहे किंवा अडकून दुमडली आहे. खांदा आणि मूठ यांच्यामध्ये ओढ आहे म्हणून तिथे तिरक्या, सरळ, कडक रेघा. मूठ जरा सैल झाली तर त्याच रेघा खाली झुकून झोळ धरतात. पोटापाशी कापड पोटाला शिवतही नाही. छातीवरून सुटतं ते थेट कमरेवर उतरतं आणि मध्ये चांगली हाताएवढी पोकळी राहते. पोट काढायचा मोह इथेच होतो. तो आवरायचा, कारण पोट तिथे दिसतच नाही, दिसतो तो पोटावरून गेलेला पूल.

खाली पाहिलं तर आणखी मजा आहे. वजन पेलणारा उजवा पाय जवळजवळ नाहीसा होतो. कमरेवरून सुटलेलं कापड सरळ जमिनीपर्यंत जातं, उभ्या नळ्या पडतात आणि पाय त्यांच्या आड जातो. डावा पाय मात्र वाकलेला असल्यामुळे गुडघ्याने कापड पुढे ढकललेलं असतं. गुडघ्यावर एक गुळगुळीत, बिनचुणीचा तुकडा, आणि त्याच्याखाली पुन्हा सुटलेलं कापड. अथेन्सच्या एरेक्थिऑनमध्ये छत डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या स्त्रियांच्या मूर्ती आहेत, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतल्या. त्यांच्यातही हेच केलेलं आहे. भार घेणाऱ्या पायावर खांबाच्या खाचांसारख्या उभ्या चुण्या, आणि मोकळ्या पायाचा गुडघा कापडातून पुढे आलेला. त्या बायका खरोखरच खांबाचं काम करतात, त्यामुळे शिल्पकाराने खाचा तिथे मुद्दाम आणल्या असतील असं म्हणायला हरकत नाही. पण चादर घेऊन उभ्या राहिलेल्या कुठल्याही माणसाच्या पायावर त्या आपोआप येतात, हे वर्गात बसल्यावर कळतं.

चुण्यांना नावं देण्याचा उद्योग बऱ्याच जणांनी केला आहे. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये अनेक वर्षं शिकवणाऱ्या जॉर्ज ब्रिजमनने सात प्रकार सांगितले: नळीची, नागमोडी, पिळाची, अर्धी अडकलेली, झोळाची, मोकळी पडणारी किंवा उडणारी, आणि जमिनीवर निपचित पडलेली. सुरुवातीला ही यादी मोठाच आधार देते. समोरच्या गोंधळातून निदान सात ओळखीचे चेहरे सापडतात. पुढे मात्र तीच यादी डोळ्यांवर झापड बांधते. वाकलेल्या कोपराशी अर्धी अडकलेली चुणी असायलाच हवी असं धरून माणूस ती पाठच काढतो, मग समोर ती असो वा नसो. म्हणून मला प्रकारांपेक्षा कारणं विचारणं बरं वाटतं. एकाच बिंदूतून लोंबतंय? मग चुण्या त्या बिंदूतून पंख्यासारख्या फाकणार, वर अरुंद आणि खाली रुंद. दोन बिंदूंमध्ये सैल सोडलंय? मग झोळ, आणि एका झोळाखाली दुसरा झोळ, आलटून पालटून एकमेकांत शिरलेले. नळी करून दाबलंय, म्हणजे बाही वर सरकवली आहे? मग नागमोड आणि त्यातून चौकटीच्या पत्त्यासारखे आकार. दिशा एकदम बदलली? मग कापड तिथे गोंधळतं, जास्तीचं कापड कुठे ठेवावं हे त्याला सुचत नाही, आणि ते स्वतःलाच अडवून बसतं.

गुडघ्याच्या मागची जागा यासाठी फार पाहण्यासारखी असते. मॉडेल बसलेली असावी, पायात सैल पायजमा असावा. मांडीवरून येणारं कापड पुढे ताणलेलं, जवळजवळ सपाट. मागे मात्र मांडी आणि पोटरी एकमेकींजवळ आल्यामुळे तिथल्या कापडाला जागाच उरत नाही. ते आत दाबलं जातं, एक टोकदार बोळ तयार होतो आणि त्याच्या वरच्या व खालच्या कडांवरून दोन चुण्या निघून गुडघ्याच्या वाटीकडे धावतात. त्या वाटीपर्यंत पोहोचत नाहीत. वाटेतच, हाडाच्या कडेपाशी, चपट्या होऊन विरतात. ही विरण्याची जागा ज्याने नेमकी काढली त्याच्या चित्रात गुडघा असतो. ज्याने चुण्या थेट वाटीवर नेल्या त्याच्या चित्रात नुसता पायजमा असतो. मी कोणाचंही चित्र पाहायला गेले की आधी चुण्यांची टोकं पाहते. चुणीचा मध्य कोणालाही जमतो. ती कुठे संपते हे पाहायला धीर लागतो.

चुण्या पडतातच का, याचंही एक कारण आहे आणि ते गणिताचं आहे. सपाट पृष्ठभाग न ताणता, न दुमडता चेंडूवर बसवता येत नाही. गाउसने १८२७ मध्ये हे वक्र पृष्ठभागांबद्दलच्या आपल्या सिद्धांतातून दाखवून दिलं. खांदा, नितंब, गुडघा, टाच, माणसाच्या अंगावरचे सगळे महत्त्वाचे उंचवटे असे दोन्ही दिशांनी गोल आहेत. कापड सपाट. मग जास्तीचं कापड कुठेतरी जाणारच. विणलेल्या कापडात एक सवलत असते. उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या दिशेने ते फारसं ताणत नाही, पण तिरकं, उरेब धरलं की धाग्यांची चौकोनी जाळी तिरपी होते आणि कापड सरकून गोलाईवर बसतं. मादलेन व्हिओने या पॅरिसच्या शिवणकर्तीने १९२० च्या दशकात याच गुणावर आपले कपडे उभे केले. चित्रकाराला यातून इतकंच घ्यायचं की तीच चादर सरळ धरून गुंडाळली तर निराळी पडते आणि कोपऱ्याला धरून तिरकी घेतली तर निराळी, जास्त मऊ, जास्त अंगासरशी. पोझ लावताना हे पाच मिनिटं करून बघावं, पुढचा तास वाचतो.

कापडाची जातही तितकीच बोलते. रेशीम मोडतं, त्याच्या चुण्या धारदार आणि उजेडाचे तुकडे लखलखीत. लोकर मोडत नाही, वळते. चुण्या थोड्या आणि जाड. मलमलीला लहान लहान असंख्य चुण्या पडतात आणि त्यांच्यातून अंगाचा रंगही झिरपतो. नवी कोरी, खळ असलेली सुती चादर हट्टी असते, घडीच्या जुन्या खुणा सोडत नाही. अनेकदा धुतलेली चादर सगळ्यांत चांगली. ती पडायला शिकलेली असते.

आता वेळेचं. उघड्या आकृतीत मॉडेल विश्रांतीनंतर परत आली की जमिनीवरच्या खुणांवर पाय ठेवते, मान पुन्हा त्या खिडकीकडे वळवते, आणि पोझ नव्वद टक्के तरी जुळते. कापडाचं तसं नाही. एकदा उतरवलेली चादर पुन्हा तशी पडत नाही. पायांच्या खुणा करता येतात, चुण्यांच्या कशा करणार? आणि विश्रांतीपर्यंत तरी ती कुठे स्थिर असते? मॉडेल श्वास घेते, छातीवरची ओढ कमीजास्त होते. दहा मिनिटांनी खांदा दमून अर्धा बोट उतरतो आणि त्याबरोबर पोटावरचा तो पूल खाली येतो. एकदा एका वयस्कर मॉडेलने पोझ न मोडता, ओठही फारसे न हलवता विचारलं होतं, "मुठीला मुंग्या आल्यात हो, सैल सोडू का जरा?" सर म्हणाले, "सोडा की, ताई." तिने बोटं सैल केली आणि वर्गातल्या सगळ्यांच्या कागदावरच्या रेघा एका क्षणात खोट्या ठरल्या. कोणी हळहळलं, कोणी हसलं. मला मात्र त्या क्षणी ओढ सुटताना काय होतं ते समोर दिसलं. वरच्या रेघा आधी वाकल्या, खालच्या नंतर, आणि सगळ्यांत शेवटी खांद्यापाशी एक छोटी वळी आली. शिकवणाऱ्याने तासभर बोलूनही हे सांगता आलं नसतं.

चित्रकारांनी या चंचलपणावर उपाय शोधले नसते तरच नवल. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वसारी सांगतो की तरुण लिओनार्दो मातीच्या आकृत्या करून त्यांच्यावर ओल्या मातीत बुडवलेल्या मऊ चिंध्या घालत असे आणि मग ते वाळून घट्ट झालेलं वस्त्र तलम कापडावर कुंचल्याने संयमाने उतरवत असे. १४७० च्या दशकातले तसे अभ्यास आजही आहेत, काही लूव्र संग्रहालयात. त्यातलं नेमकं कोणतं त्याचं आणि कोणतं त्याच्या गुरूच्या, वेरोक्किओच्या, कारखान्यातल्या दुसऱ्या कोणाचं, यावर जाणकार वाद घालतात. राखाडी रंग आणि पांढऱ्याचे उजेड, बस्स. बसलेल्या आकृतीचे गुडघे आणि त्यांच्यामध्ये कोसळलेलं वस्त्र. डोकं नाही, हात नाहीत. आणि तरी बसलेलं कोणीतरी आहे यात शंका राहत नाही. फ्रा बार्तोलोमेओ या इटालियन चित्रकाराने सांधे हलणारा माणसाएवढा लाकडी पुतळाच करून घेतला होता. पुतळा दमत नाही, श्वास घेत नाही, चादर आठवडाभर तशीच. सोय मोठी आहे. पण अशी वस्त्रं फार वेळ पाहिली की त्यांचं वजन थोडं जास्त वाटायला लागतं. सगळं खाली ओढलं गेलेलं, वर उचलणारं काही नाही. श्वास घेणाऱ्या माणसावरच्या कापडात वरचीही एक ओढ असते. हे माझ्या डोळ्यांचं मत, कोणाला पटलं नाही तरी चालेल.

जर्मन चित्रकार ड्यूररचा उपाय आणखी साधा. १४९३ मध्ये, बाविशीत, त्याने एका कागदाच्या एका बाजूला स्वतःचा चेहरा, एक हात आणि एक उशी काढली, आणि मागच्या बाजूला सहा उशा. बुक्के मारून, दुमडून, पिळून काढलेल्या उशांचे आकार. हा कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मॉडेल मिळत नाही म्हणून हात थांबला, असं कोणी म्हणालं की मला त्या सहा उशा आठवतात.

आधी काय काढायचं, अंग की कापड? शाळेतलं उत्तर ठरलेलं आहे आणि ते जुनं आहे. अल्बेर्तीने १४३५ च्या आपल्या चित्रकलेवरच्या ग्रंथात सांगितलं: आधी हाडं, मग स्नायू, मग कातडी, जसं वस्त्र ल्यालेला माणूस काढताना आपण आधी उघडा माणूस काढतो आणि मग त्याला वस्त्रांत गुंडाळतो. त्याच ग्रंथात त्याची आणखी एक सूचना आहे, ती मला भारी आवडते. वस्त्र उडताना दाखवायचं असेल तर चित्राच्या कोपऱ्यात ढगांमध्ये फुंकर मारणारा वारादेव काढा, म्हणजे ज्या बाजूने वारा येतो तिथे कापड अंगाला चिकटेल आणि दुसऱ्या बाजूला मोकळं उडेल. उगाच उडणारं कापड त्याला खपत नव्हतं; उडण्यामागे काही कारण हवं म्हणजे हवं.

आधी उघडा माणूस, ही आज्ञा कोणी किती पाळावी याचं टोक म्हणजे फ्रेंच चित्रकार दाविद. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या टेनिस कोर्टावरच्या शपथेचं त्याचं प्रचंड चित्र अपुरं राहिलं, आणि व्हर्सायमध्ये असलेल्या त्या कॅनव्हासवर एक विलक्षण प्रकार दिसतो. काही डोकी पूर्ण रंगवलेली, ओळखू येणारी, आणि खाली उघडी शरीरं, हात वर करून शपथ घेणारी. कोट नंतर चढवायचे होते, ते राहून गेले. राष्ट्रीय सभेचे सन्माननीय सदस्य कायमचे तसेच उभे आहेत.

हा मार्ग चुकीचा नाही. लांबच्या पोझमध्ये मीही आधी फिकट रेघेने अंग उभं करते: खांद्यांची तिरपी रेघ, कमरेची उलट तिरपी, वजनाची उभी रेघ, गुडघे, टाचा. पण एकट्या या मार्गाने गेलं की कापड नंतर नेसवल्यासारखं दिसतं. अंगाचा आराखडा आधीच पक्का झालेला असतो, मग हात त्याच्या जवळजवळच फिरत राहतो आणि कापड अंगाला चिकटतं. मधली हवा जाते. म्हणून छोट्या पोझमध्ये, दोन-तीन मिनिटांच्या, मी उलट करते. अंगाकडे दुर्लक्ष, कोळसा आडवा धरून चादरीचा पूर्ण आकार एकाच सावलीत घ्यायचा, बाहेरची कडा धरून, चुणी एकही नाही. मग टेकण्याच्या जागा मऊ खोडरबरने उजळायच्या. खांदा, छाती, कमर, गुडघा. चार-पाच ठिकाणी रबर टेकवलं की माणूस आतून वर येतो. हे पाहायला मिळावं म्हणून मी सकाळी लवकर उठू शकते.

शिल्पकार रोदँने कादंबरीकार बाल्झाकच्या पुतळ्यासाठी दोन्ही केलं. १८९१ मध्ये काम मिळालं, त्यानंतर कित्येक उघड्या आकृत्या झाल्या, पोट पुढे आलेल्या, पाय फाकवून उभ्या. मग घरात घालायचा झगा प्लास्टरमध्ये भिजवून त्याने तो आकृतीवर चढवला. शेवटी जे उभं राहिलं त्यात उघड्या बाल्झाकचं काहीच दिसत नाही. मोकळ्या बाह्या, एक तिरका ढीग आणि वर डोकं. १८९८ मध्ये तो मांडला तेव्हा काम देणाऱ्या लेखकांच्या संस्थेने तो नाकारला. अंग आणि कापड यांच्यामध्ये इतकी हवा भरण्याचं धाडस त्याआधी फार थोड्यांनी केलं असेल. पण ती हवा पोकळ वाटत नाही, कारण झगा टेकतो त्या जागा खऱ्या आहेत. आत एक जड माणूस मागे रेलून उभा आहे हे कापडाच्या पडण्यातूनच कळतं.

शिल्पकार हेन्री मूरला हे बॉम्बवर्षावाने शिकवलं. १९४० मध्ये लंडनचे लोक भुयारी रेल्वेच्या फलाटांवर रात्री काढत होते, रांगांनी झोपलेले, पांघरुणात गुरफटलेले. मूरने ते रेखाटलं. मेणाच्या खडूने रेघा मारायच्या आणि वरून जलरंगाचा पातळ हात. मेण रंग घेत नाही, त्यामुळे काळोखातून चुण्या उजळून निघतात. त्या चित्रांत पांघरूण म्हणजे कुठे कोष, कुठे कफन. कोणाचा गुडघा, कोणाचं उघडं तोंड, बाकी कापडाचे डोंगर. पुढे १९५० च्या दशकात त्याने वस्त्र ल्यालेल्या पहुडलेल्या आकृत्या केल्या, तेव्हा हीच चित्रं आपल्या कामी आली असं त्याने सांगितलं आहे. कापडाने आकारातला ताण दाखवता येतो, जिथे आतलं अंग कापडाला बाहेर ढकलतं तिथे ते ताणलं जातं आणि बाकीचं ढिलं पडतं, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

चुण्या न काढताही कापड दाखवता येतं का? येतं, आणि त्याचं सर्वांत धीट उदाहरण आपल्याजवळ आहे. गांधारचे बुद्ध पाहा: जाड वस्त्र, दोन्ही खांदे झाकलेले, खोल चुण्या, ग्रीक-रोमन वळणाच्या. मग गुप्तकाळातली मथुरेची मूर्ती घ्या. चुण्या आहेत, पण त्या दोरीसारख्या बारीक समांतर रेघा झाल्या आहेत, छातीवरून पोटावर झोळ घेत उतरणाऱ्या. अंग त्यांच्याखालून स्पष्ट दिसतं. आणि मग सारनाथ. पाचव्या शतकातला तो धर्मोपदेश करणारा बुद्ध, चुनारच्या वालुकाश्मातला. चुणी एकही नाही. गुळगुळीत अंग. वस्त्र आहे हे कळतं ते फक्त गळ्यापाशी आणि मनगटापाशी दिसणाऱ्या कडेवरून. मधली सगळी हवा काढून टाकली आणि कापडाचं अस्तित्व काठावर नेऊन ठेवलं. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने या तीन मूर्ती एकाशेजारी एक ठेवून दिवसभर पाहाव्यात. चुण्यांवर आपला जो लोभ असतो तो बराच उतरतो.

उलट टोकाला लूव्रच्या जिन्यावरची सामोथ्रेसची विजयदेवता, १८६३ मध्ये सापडलेली, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीची. तिला डोकं नाही, हात नाहीत, आणि तिच्या अंगावर दोन कापडं आहेत. एक पातळ, पोटावर ओलं झाल्यासारखं चिकटलेलं, इतकं की बेंबी दिसते. दुसरं जाड, कमरेवरून निसटून दोन पायांमध्ये गोळा झालेलं आणि मागे उडालेलं. हवा एका ठिकाणी शून्य आणि चार बोटांवर भरपूर. वारा कुठून येतो ते सांगायला तिला अल्बेर्तीच्या वारादेवाची गरज पडली नाही.

कापडाचा आणखी एक उपयोग इतिहासात झाला, झाकण्याचा, आणि त्याबद्दल मला थोडा राग आहे. मायकेलअँजेलो १५६४ मध्ये वारला. त्याच्या 'अंतिम न्याय' या भित्तिचित्रातल्या आकृत्यांवर दानिएले दा व्होल्तेर्राला १५६५ मध्ये वस्त्रं रंगवायला लावली, आणि बिचाऱ्याला 'चड्ड्या शिवणारा' अशा अर्थाचं टोपणनाव कायमचं चिकटलं. लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ मध्ये स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत दोन स्त्रिया होत्या. चित्रकार झोफानीने सदस्यांचं मॉडेलसोबत चित्र काढलं, त्यात या दोघी भिंतीवर टांगलेल्या व्यक्तिचित्रांच्या रूपाने आहेत, कारण मॉडेल उघडा होता. विद्यार्थिनींना त्या अकॅडमीत जवळजवळ उघड्या मॉडेलवरून काढू द्यायला १८९३ उजाडलं, आणि तेही नियमासह: मॉडेलने पोहण्याची चड्डी घालावी, तिच्यावर नऊ फूट लांब आणि तीन फूट रुंद हलक्या कापडाचा पट्टा गुंडाळावा आणि वरून पातळ चामड्याचा पट्टा बांधावा, म्हणजे ते जागेवर राहील. फिलाडेल्फियाला १८८६ मध्ये टॉमस एकिन्स या चित्रकार-शिक्षकाने मुलींच्या वर्गात पुरुष मॉडेलचं लंगोट काढलं आणि त्याला राजीनामा द्यावा लागला.

नऊ फूट कापड! इतकं कापड कमरेला गुंडाळल्यावर कमरेचा सांधा कुठे आहे हे त्या मुलींनी कसं ओळखायचं? पाय धडाला जोडतो कसा, हा सगळ्या आकृतीतला कळीचा प्रश्न, आणि नेमका तोच एका गाठोड्याखाली. मॉडेलला स्वतःला संकोच वाटत असेल, थंडी वाजत असेल, तर कापड द्यावंच. तिचं म्हणणं आधी. पण नियमाने बांधलेलं ते कापड अंगाला कुठे टेकतं, कुठे सुटतं, यातलं काहीच सांगत नाही. ते ना अंगाचं ना स्वतःचं. झाकायचं म्हणून घातलेलं कापड चित्रात कधीच नीट पडलेलं मी पाहिलेलं नाही.

छायाप्रकाशाचं एकच सांगते, कारण ते सगळीकडे लिहिलेलं असतं आणि तरी होत नाही. चुणीच्या खोलगट भागात सरसकट काळं भरू नये. सर्वांत गडद पट्टा असतो तो उजेडाकडून सावलीकडे वळणाऱ्या कडेवर. खोलात समोरच्या भिंतीवरून उसळलेला उजेड असतो, तो त्या पट्ट्यापेक्षा थोडा फिकटच. खरा काळोख फक्त जिथे कापड कापडाला चेपून बसतं त्या अरुंद फटीत. एकच दिवा, बाजूने, आणि खोलीतले बाकीचे बंद. दोन दिवे लावले की चुण्यांना दोन-दोन सावल्या येतात आणि मग कोणीच कोणाचं नसतं.

आणि एक विनंती मी दर वेळी करते, दर वेळी बाकीचे कुरकुरतात: पट्ट्यांची चादर आणा. पांढऱ्या चादरीवर फसवता येतं. छान सावली दिली की चुणी खपून जाते, ती खरी असो वा नसो. पट्टे फसवू देत नाहीत. गुडघ्यावरून जाताना पट्टा वाकतो तो गुडघ्याच्या गोलाईइतकाच वाकतो. चुणीत शिरला की नाहीसा होतो आणि पलीकडे किती सरकून बाहेर येतो त्यावरून चुणीची खोली मोजता येते. छातीवरून कमरेकडे जाताना पट्टा अचानक सरळ झाला, तर तिथे कापड अंग सोडून निघालं, हे कोणी न सांगता कळतं. सावली अजिबात न देता, नुसते पट्टे काढून आकृती उभी राहते की नाही ते बघा. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा शेजारचा म्हणाला, "मॅडम, हे म्हणजे परीक्षाच की." मी म्हटलं, "मग? तिथे ती बाई हात आखडेपर्यंत उभी राहणार, आपण निदान परीक्षा तरी द्यायला नको?" त्याने चादरीचे पट्टे मोजायला सुरुवात केली आणि सात झाल्यावर, चुणीत हरवलेल्या आठव्याशी, अडला.